मितालीचा तपकिरी पट्टा

मी, यज्ञेश्वर विष्णुपंत दाणी, वय वर्षे साठ, पाटबंधारे कार्यालयातून निवृत्त झालेला वरिष्ठ लिपिक आणि सव्वीस वर्षे कराटेचा मास्तर, मुक्काम नेर, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाखाली न येता लिहवून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. ठिकाणावर नाहीत ते फक्त हात. कंपवातामुळे मला शर्टाची गुंडी लावता येत नाही, मग लेखणी कुठली धरता येणार? म्हणून मी सांगतो आहे आणि तहसीलसमोर बसणारे दस्तलेखक फुलचंद आडे लिहीत आहेत. आजवर दुसऱ्यांची मृत्युपत्रे मीच टाइप करून देत असे, त्यामुळे कुठे काय लिहायचे ते मला त्यांच्यापेक्षा जास्त कळते, आणि त्याचा त्यांना राग येतो.

कलम १. राहते घर, मागच्या अंगणासह आणि कडुलिंबासह, पत्नी सौ. रजनी हिला. पोस्टातले पैसेही तिलाच. सलील हा आमचा एकुलता मुलगा पुण्यात नोकरीला आहे, त्याला घर नको आहे. त्याने तसे फोनवर सांगितले आणि लगेच ठेवला.

कलम २. ज्या गंजात रजनीने सव्वीस वर्षे पट्टे रंगवले तो जर्मनचा गंज, म्हणजे मोठे पातेले, तोही तिचाच. याबद्दल थोडे सांगावे लागेल. आमच्या क्लासात नवा पट्टा विकत आणत नसत. पोरांचे बाप कापसावर जगणारे, दर परीक्षेला पट्टा कुठून आणणार? पहिल्या दिवशी मांजरपाटाचा पांढरा पट्टा शिंप्याकडून शिवून घ्यायचा, आणि पुढे तोच रंगवत न्यायचा. पांढऱ्याचा पिवळा, मग हिरवा, मग तपकिरी, शेवटी काळा. परीक्षेच्या आदल्या दिवशी पोरे पट्टे माझ्या घरी जमा करत. निकाल लागला की रजनी गंजात मीठ घालून रंग उकळायची, आणि दोन दिवसांनी पोरे पट्टे घेऊन जायची.

कलम ३. माझे धाकटे बंधू अवधूत यांना काही नाही. चौदा वर्षांपूर्वी नेलेली माझी शिडी त्यांनी ठेवून घ्यावी. भर लग्नात ते माझ्या क्लासला "दादाचं हाऊ-हू" म्हणाले होते, तेही त्यांनीच ठेवावे.

कलम ४. कराटेचे पांढरे कपडे माझ्या अंगावर घालून मला जाळावे. कारण सांगतो. मी चौदा वर्षांचा असताना बोरी अरबच्या बाजारात एका अडत्याने माझ्या वडिलांच्या कानाखाली मारली. वडील खाली पडलेली टोपी शोधत होते आणि मी पिशवी धरून उभा होतो. माझा हात उठला नाही. त्या एका हातासाठी मी पुढे नागपूरच्या नोकरीत सहा वर्षे भीमसिंग गुरुजींकडे घाम गाळला. गुरुजी रेल्वेच्या गोदामावर चौकीदार होते. ते म्हणायचे, "मारायले नको शिकू. मारू शकतो अन मारत नाही, हे समजायले शिक." मी उभ्या आयुष्यात कोणाला मारले नाही. त्या अडत्याला मी माफ मात्र केलेले नाही. तो मेला तरीही नाही.

कलम ५. जिनिंगच्या बंद शेडची किल्ली चौकीदार नेमसिंग राठोड यांना परत द्यावी. जिनिंग बंद पडली तेव्हा त्यांनीच शेड उघडून दिली होती. म्हणाले, "कापूस तं गेला मास्तर, आता पोरं लाथा मारतीन तं मारू द्या." तेव्हा साठ पोरे होती, आज अकरा आहेत. भाव पडला की हजेरी पडायची. दोन वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात माझ्या तीन विद्यार्थ्यांचे बाप गेले. तिन्ही दारांत मी जाऊन उभा राहिलो. समोरून येणारा वार कसा अडवायचा हे मी त्या पोरांना शिकवले होते, पण तो कुठून आला हेच दिसत नव्हते. मला रडूही आले नाही. नुसता उभा राहिलो, बोरी अरबच्या बाजारात राहिलो होतो तसाच.

कलम ६. माझ्या कपाटात एक तपकिरी पट्टा आहे. तो मिताली पुंडलिकराव गावंडे, सध्या मुक्काम वणी, हिला द्यावा. सोबत काळ्या रंगाची पुडी आहे. पट्टा तिने रंगवावा किंवा तसाच ठेवावा, पण घ्यावा. या मृत्युपत्रातले बाकी काही झाले नाही तरी चालेल, एवढे व्हावे.

२००१ साली काळ्या पट्ट्याची परीक्षा सलील आणि मिताली या दोघांनी दिली. जिल्ह्याच्या संघात आमच्या क्लासला एकच जागा होती, आणि निवडीचा माणूस त्याच दुपारी पट्टा बघायला येणार होता. ओला पट्टा कसा दाखवायचा? म्हणून मी आदल्या दिवशीच रजनीला सलीलचा पट्टा काळा करायला सांगितले. ती म्हणाली, "परीक्षा तर होऊ द्या!" मी म्हणालो, "माझा मुलगा आहे, मला माहीत आहे."

परीक्षेत सलील दोनदा चुकला. मिताली एकदाही चुकली नाही. काळ्या पट्ट्याला शंभरात ऐंशी लागत. मितालीचे एक्याऐंशी, सलीलचे एकोणऐंशी. आणि वळचणीला काळा पट्टा वाळत होता. काळा रंग काही उतरत नाही. मी आकडे उलटे वाचले.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील सायकलवर आले. म्हणाले, "मास्तर, पोरगी हरली असंन तं हरली म्हना, आमचं काही नाही. पन खरं सांगा, हरली काय?" मी म्हणालो, "हरली." त्यांनी मला नमस्कार केला आणि गेले.

सलीलने वर्षभरात कराटे सोडले. मिताली आपला पट्टा न्यायला कधीच आली नाही. ती वणीला कोळशाच्या ट्रकांच्या काट्यावर पावत्या लिहिते. मी तीन पत्रे पाठवली, उत्तर नाही. मागच्या आठवड्यात रजनीने फोन केला, तर "बघते" म्हणाली. मला आता तिच्याकडे जाता येत नाही. दोन पायऱ्या उतरायलाही माणूस लागतो.

कलम ७. वर ज्याची विल्हेवाट लावली नाही, किंवा ज्याने घ्यायचे त्याने घेतले नाही, ते सर्व रजनीला.

साक्षीबाबत खुलासा. साक्षीला नेमसिंग आणि अवधूत यांना बोलावले होते. ज्याला या कागदाने काही मिळते त्याची साक्ष फुलचंद घेत नाहीत. किल्ली काही माझी नव्हती, म्हणून नेमसिंग चालले. अवधूत मात्र कलम ३ वाचून दाखवताच उठून गेले. दुसऱ्या साक्षीदाराची वाट पाहत बसलो असता साडेअकराच्या सुमारास मिताली आली. तिला पाणी दिले. तिने कागद मागून घेतला. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नसते, हे फुलचंदांनी तिला सांगितले. तिने सगळा वाचला, कलम ६ दोनदा.

मग म्हणाली, "सही मी करते."

फुलचंद म्हणाले, "बाई, साक्ष केली तं पट्टा तुमचा राह्यत नाही."

"मालूम हाय."

मी म्हणालो, "पोरी, पट्टा घे. सही दुसरं कोणीही करील."

ती म्हणाली, "पट्टा कायले पाहिजे सर मले आता? बाबा मरेपर्यंत म्हनत राह्यले, मास्तर खोटं नाही बोलत, तूच कुठंतरी चुकली असशीन. खरं काय झालं ते कोनी लिहून देईन, याची वाट पाह्यत होती मी."

पुंडलिकराव वारल्याचे मला ठाऊक नव्हते. पट्टा कलम ७ प्रमाणे रजनीकडे राहील. त्याचे तिने काय करावे, हे मला सांगता येत नाही.

मुक्काम नेर, दिनांक १४ डिसेंबर २००८.

यज्ञेश्वर विष्णुपंत दाणी यांचा डाव्या हाताचा अंगठा. हात थरथरल्याने दोनदा उमटला आहे, दोन्ही ठसे त्यांचेच. — फुलचंद आडे, दस्तलेखक

साक्षीदार:

१. नेमसिंग राठोड, चौकीदार, नेर

२. मिताली पुंडलिकराव गावंडे, वणी. पूर्ण वाचले. एक्याऐंशी गुण माझे होते.