बागेतल्या हौदातले मासे

प्रिय पोरी,

आई गेल्यावर तू आठवडाभर राहिलीस, बरे वाटले. तिची बॅटरी, गाळणी आणि खांद्याची पिशवी अजून दाराशी खिळ्यालाच आहे. तिच्या हिवताप विभागातून कोणीतरी न्यायला येणार होते, आले नाहीत. मीही आठवण करून दिली नाही.

मागच्या टाकीतले गप्पी मासे आता मीच बघतो. काल शेजारीण वाटी घेऊन आली. तिच्या पिंपात डासांच्या अळ्या झाल्या होत्या, त्या खायला मासे हवे होते. हीच बाई आईला ‘डासांची सासू’ म्हणायची, कारण कुणाच्या कुंडीखालची बशीसुद्धा आईच्या नजरेतून सुटत नसे. मासे काढताना माझा हात थरथरला, तर म्हणाली, "भाऊ, तुमच्यापेक्षा मासेच धीट दिसतात." बऱ्याच दिवसांनी हसलो. मग ती डोळे पुसत गेली.

तुझ्या बाळंतपणाला आई आली नाही. खालच्या वस्तीत तापाची साथ होती, घरटी एक माणूस अंथरुणावर. तू फोनवर म्हणालीस, "माझ्यापेक्षा तुला लोकांची पिंपंच लाडकी." तिने फोन ठेवला, पिशवी उचलली आणि पुन्हा वस्तीत गेली. त्यानंतर तुम्हा दोघींत नुसती ख्यालीखुशाली उरली, तीही माझ्यामार्फत. मी मध्ये पडायला हवे होते. पण बोलणे मला कधी जमले नाही.

गेल्या पावसाळ्यात बाळाला ताप आल्याचे तू कळवलेस. आई दुसऱ्याच दिवशी गप्पी माशांची बरणी मांडीवर धरून तुझ्या गावी आली. दाराशी पोचली, तर आतून बाळाचे खिदळणे ऐकू आले. ताप उतरला म्हणायचा. बेलवर ठेवलेले बोट तिने काढून घेतले. खाली बागेतल्या हौदात मासे सोडले आणि आल्या पावली परतली. "तिला सांगू नका, उपकार केल्यासारखं वाटेल," म्हणाली. मी सांगितले नाही.

परवा निघताना तू सहज बोललीस, की हौदात कुठून तरी बारीक मासे झालेत आणि महिनाअखेरीला इमारतीची माणसे तो उपसून औषध टाकणार आहेत. तू गेल्यावर दार लावले, पण कागद आज घेतला. त्यांना थांबव. ऐकले नाही, तर चहाची गाळणी घेऊन खाली जा आणि मिळतील तेवढे काढ. पाणी मात्र त्याच हौदातले घे. नळाच्या पाण्यात ते मरतात, आई नेहमी सांगायची.

उशिरा बोलणारा, तुझाच
बाबा