फोन आला की आपण गॅलरीत

आप्पा, आपल्या घरात आता चार माणसं आणि सहा फोन आहेत. घर म्हणजे आपली ती खोली नव्हे. चाळ पाडून त्याच जागी टॉवर झाला, त्यात अकराव्या मजल्यावर आम्हाला जागा मिळाली. खिडकीतून करी रोडचा पूल दिसतो, तुमचं हॉस्पिटल मात्र दिसत नाही, मध्ये दुसरे टॉवर आलेत. सहापैकी एकही फोन काळा नाही, जड नाही, आणि एकाच्याही खाली आईनं विणलेला रुमाल नाही. हे सगळं तुम्हाला सांगायला बसले त्याला कारण आहे. गेल्या रविवारी मी शीवला जाऊन आले आणि तेव्हापासून मला इतकं हलकं वाटतंय की भाजी निवडताना मी गुणगुणते, असं सूनबाईंचं म्हणणं आहे.

पण आधी फोनचं सांगते, कारण तुम्हाला यंत्रांची आवड. तुमचा नातू, म्हणजे माझा मुलगा, एका कंपनीचा भक्त आणि सून दुसऱ्या कंपनीची. लग्नाआधी पत्रिका जुळल्या होत्या, चार्जर जुळले नाहीत. नव्या फोनसाठी नातू पहाटे उठून रांगेत उभा राहिला होता. दहावीच्या परीक्षेला हाक मारून मारून उठवावं लागलं होतं त्याच मुलाला. सून म्हणते त्याच्या फोनला नुसता मोठेपणा आहे, तो म्हणतो तिच्या फोनला वर्षभरात म्हातारपण येतं. दोघं तावातावानं भांडतात आणि मी पोळ्या लाटत ऐकते. माझं मत कुणी विचारत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. दोन्ही कंपन्या सारख्याच. एक गोड बोलून घरात शिरते, दुसरी स्वस्तात शिरते, आणि एकदा शिरली की आपण जेवत असू, रडत असू, गुडघे दुखत असतील, कान लावून बसते. परवा मी तुमच्या जावयांना नुसतं म्हटलं की कुकरची रिंग सैल झालीय, तर संध्याकाळपर्यंत माझ्या फोनवर कुकरच कुकर. नातू म्हणतो, आई, फोन ऐकत नाही, तो अंदाज बांधतो. मला त्यात फरक कळला नाही. आपल्या चाळीतही अंदाज बांधणाऱ्या बायका होत्या, आणि त्या दाराशी उभ्या असायच्या.

राजकारणाचं तर विचारूच नका. तुमच्या वेळी निदान कोण कुठल्या पक्षात हे सहा महिने तरी टिकायचं. आता सकाळी पेपर उघडल्याशिवाय सांगता येत नाही. पक्ष फुटतात, फुटलेले दुसऱ्याला जोडले जातात, आणि काल ज्यांनी एकमेकांचे बाप काढले ते आज एका बॅनरवर हात जोडून उभे असतात. त्यातून हे फोन. एकाच सोफ्यावर बसून मुलाला त्याच्या फोनवर एक पुढारी गरजताना दिसतो आणि मला माझ्या फोनवर त्याच पुढाऱ्याची फजिती दिसते. प्रत्येकाला त्याच्या आवडीचं वाढतात. सगळ्या घराला एकच आमटी वाढणारी आई मला अशा वेळी फार आठवते.

तुमचा फोन घरी बसला तेव्हा मी तिसरीत होते. तुम्ही एक्स-रे काढायचात, अपघाताची केस आली तर ताबडतोब बोलावता यावं म्हणून तो घरी मिळाला होता. चाळीत दुसरा फोन नव्हता. महिन्याभरात आपला नंबर सगळ्या चाळीचा झाला. लग्नपत्रिकांवर, नोकरीच्या अर्जांवर, आपला नंबर आणि पुढे कंसात पी.पी., म्हणजे फोन शेजाऱ्यांकडचा. घंटी वाजली की मी गॅलरीत धावत जाऊन ज्याचा फोन त्याला हाक मारायची. आणि तो माणूस आत आला, त्यानं रिसीव्हर कानाला लावला, की तुमचा नियम सुरू. आपण सगळ्यांनी उठून गॅलरीत जायचं. हातातला घास ताटात ठेवून जायचं. आईचे हात पिठात असायचे, तशीच ती बाहेर उभी राहायची आणि पुटपुटायची की भात निवतो, यांच्या मावशीची तब्येत काही निवत नाही. तुम्ही दार ओढून घ्यायचात आणि कठड्याला टेकून खाली मैदानाकडे बघत बसायचात. बोलणारा बाहेर आला की तुम्ही एकच विचारायचात, झालं का नीट बोलणं? काय बोलणं, ते कधीही नाही.

मी नववीत असताना पालिकेची निवडणूक आली. समोरच्या खोलीतले काका तुम्हाला आठवतील, मंडळाच्या गणपतीचं मखर करायचे ते. गिरणीतून आले की गुडघ्यावर पुठ्ठा घेऊन बसायचे आणि आम्ही पोरं त्यांना खळ कालवून द्यायचो. चाळ सगळी एका पक्षाची होती, मंडळही त्याच पक्षाचं. मला तेव्हा ताप होता. दुपारी काकांसाठी फोन आला, ते आत आले. आई, धाकटा भाऊ, तुम्ही, सगळे बाहेर गेलात आणि मी खाटेवर चादर ओढून पडून राहिले. काका हळू आवाजात बोलत होते, पण खोली केवढीशी. समोरच्या पक्षाचा पोलिंग एजंट म्हणून माझं नाव लिहा, म्हणाले, पण मतदानापर्यंत इथे कुणाला कळू देऊ नका.

दुसऱ्या दिवशी मी ते मैत्रिणीला सांगितलं. राजकारण मला कळत नव्हतं, आपल्याला काहीतरी ठाऊक आहे एवढीच ऐट होती. मैत्रिणीचे वडील मंडळाचे चिटणीस. दोन दिवसांत सगळ्या चाळीला कळलं. मंडळानं निरोप धाडला की यंदा मखर दुसरीकडे दिलंय. काकांनी कात्री, खळीचं भांडं, रंगीत कागद सगळं माळ्यावर टाकलं. मग ते आपल्या दाराशी आले. मी स्टोव्हमागे उभी होते. त्यांनी विचारलं, "तुम्ही बाहेर होतात ना?" तुम्ही म्हणालात, "मी बाहेर होतो. पण घर माझं आहे."

त्या संध्याकाळी तुम्ही एक बाद झालेली एक्स-रे फिल्म काढलीत. ग्रहण बघायला आणून ठेवायचात त्यातली. खिडकीच्या उजेडात धरलीत आणि सगळ्यांना बसवून म्हणालात, ह्या माणसाच्या आत काय आहे ते मला दिसतं. तो मला विचारतो, हातापाया पडून विचारतो, तरी मी सांगत नाही, ते डॉक्टरनं सांगायचं. "दिसलं म्हणून सांगायचं नसतं. कानावर पडलं म्हणूनही नाही." तुम्ही सगळा वेळ त्या फिल्मकडे बघत होतात. माझ्याकडे एकदाही नाही. म्हणून मी धरून चालले की तुम्हाला माहीत नाही, आणि गप्प बसले.

पुढं काय झालं ते मला रोज दिसत होतं. लोक आपल्याकडे फोनला येईनासे झाले. एक्स-रेवाल्याच्या घरातून बातमी फुटली, असं नळावर बोललं जायचं. तुम्ही, ज्यांनी आयुष्यात कुणाचं हाड मोडलंय हेसुद्धा घरी सांगितलं नाही, ते चुगलखोर ठरलात आणि मी भूगोल पाठ करत बसले. त्या गणपतीत काकांच्या घरच्या आरतीला चाळीतलं कुणी गेलं नाही. तुम्ही आम्हाला सगळ्यांना घेऊन गेलात, टाळ घेतलात आणि असा आवाज चढवून आरती म्हटलीत की तळमजल्यापर्यंत ऐकू जावं. प्रसादाचं ताट मला धरायला लावलंत. वर्षभरात काकांनी खोली सोडली. माझ्यामुळे एक माणूस घर सोडून गेला आणि माझ्या बापाचा मित्र तुटला, हे मी तेव्हापासून धरून बसलेय. नोकरी केली, निवृत्त झाले, तुम्ही गेलात त्यालाही वीसच्या वर वर्षं झाली. तुमच्या शेवटच्या आजारात दोनदा ओठांवर आलं होतं. दोन्ही वेळा मी तुम्हाला मोसंबं सोलून दिलं.

आता जुन्या चाळीचा मोबाइलवर ग्रुप आहे. पन्नास-साठ माणसं, कुणी डोंबिवलीला, कुणी विरारला. सकाळी फुलं पाठवतात आणि दुपारी एकमेकांच्या पुढाऱ्यांवरून भांडतात. यंदाच्या निवडणुकीत कुणाचं तरी कुणाबरोबरचं खासगी बोलणं तिथं येऊन पडलं, त्यावरून जुंपली, आणि एकानं गमतीत लिहिलं की आपल्या चाळीत पहिली बातमी फुटली ती एक्स-रेवाल्यांच्या फोनवरून. खाली हसरे चेहरे पडले. मी मोजले नाहीत. इतक्या वर्षांनी, तुम्ही नसताना, तेच. मी तीनदा लिहिलं की ती मी होते, आणि तीनदा पुसलं. तेवढ्यात काकांचा फोन आला. नव्वदीला टेकलेत, लेकीकडे असतात, तिनंच त्यांना ग्रुपवरचं वाचून दाखवलं होतं. म्हणाले, शीवला ये, फोनवर बोलण्यातली गोष्ट नाही.

गेले. काका खुर्चीत बसले होते, अंगात स्वेटर, हातात कागदाची कात्री, अजूनही काहीतरी कातरतातच. मी बसले तसं त्यांनी लेकीला सांगितलं की सगळे फोन घे आणि जरा बाल्कनीत जाऊन बस. ती हसत गेली. तिला वाटलं म्हाताऱ्याची लहर. तो तुमचाच नियम होता, आप्पा. दार लोटल्यावर मी एका दमात सगळं सांगून टाकलं. मैत्रीण, तिचे वडील, मखर, सगळं. म्हटलं, माझ्यामुळे तुम्ही घर सोडलंत.

काका कात्री खाली ठेवून म्हणाले, "अगो, माका तेव्हाच म्हायत होता. तुझ्या बापाशीनच सांगितल्यान."

तुम्ही चौथ्याच दिवशी गिरणीच्या दारात जाऊन उभे राहिला होतात म्हणे. त्यांना म्हणालात, पोरीनं ऐकलं, चूक माझ्या घरची आहे, पण तिला काही बोलू नका, ती सांगेल तेव्हा सांगेल. काकांनी कबूल केलं. चाळीत तुमच्यावर आळ आला तेव्हा ते म्हणाले होते की मी खरं काय ते सांगतो, तर तुम्ही नको म्हणालात, पोर अजून लहान आहे. आणि खोली त्यांनी माझ्यामुळे सोडली नव्हती. शीवची जागा त्या फोनच्या सहा महिने आधीच ठरली होती, काकूंना घरात नळ हवा होता. मित्र तर तुटलाच नव्हता. दर दुसऱ्या शनिवारी तुम्ही चालायला म्हणून जायचात ते शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर दोघं बसायचात. येताना आणायचात ते चणे काका घेऊन द्यायचे. म्हणजे ज्या माणसाला मी देशोधडीला लावलं असं समजत होते, त्याचेच चणे मी वर्षानुवर्षं खाल्ले. मी रडले, आप्पा, आणि मग हसले, आणि काका म्हणाले की ज्याच्यासाठी मी फोनवर चोरून बोललो तो उमेदवार पुढच्याच निवडणुकीत आपल्या चाळीच्या पक्षात गेला. मंडळानं त्याचा सत्कार केला. यंदा त्याचा मुलगा तिसऱ्याच पक्षातून उभा होता. काकांनी मत कुणाला दिलं ते सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

घरी येऊन मी ग्रुपवर लिहिलं, ह्या वेळी पुसलं नाही. ती बातमी मी फोडली होती, आप्पांनी नाही. वाटलं, आता भूकंप होणार. चार अंगठे आले, एका वहिनींनी गुलाबाचं फूल पाठवलं, आणि पाच मिनिटांत मंडळी पुन्हा आपापल्या पुढाऱ्यांकडे वळली. तुमच्यावरचा एवढा जुना डाग पुसला गेला आणि कुणाला ढिम्म फरक पडला नाही. मला पडला. त्या दिवशी मी दुपारी दोन तास गाढ झोपले.

आता नातवाला किंवा सुनेला फोन आला की मी उठून बाल्कनीत जाते. ती दोघं चक्रावलीत. नातू म्हणाला, आई, मी कानात घालून बोलतो, तुला दुसरी बाजू ऐकूही येत नाही. म्हटलं, तुझी बाजू येते ना. काल सुनेच्या आईचा फोन होता आणि तुमचे जावई टीव्हीसमोरून हलेनात, तर सूनच म्हणाली, बाबा, बाल्कनी. कंपन्यांना काही मला बाल्कनीत काढता येणार नाही. घरातल्या माणसांना आलं, तेवढं पुरे.

हे पत्र मी कागदावर लिहिलंय, फोनवर नाही. तुमच्या एका फिल्मचं तपकिरी पाकीट माझ्याकडे आहे, त्यात ठेवीन. पाठवायचं कुठं, हा प्रश्नच नाही, आणि तुम्हाला मुख्य गोष्ट तेव्हापासून माहीतच होती. फक्त एक राहिलं, जे मी काकांनाही सांगितलं नाही. त्यांना म्हटलं की तापात होते म्हणून आत राहिले. गॅलरीत जाण्याआधी तुम्ही वाकून माझ्या कपाळाला हात लावला होता आणि म्हणाला होतात, झोप. तुमचा हात गरम होता, आप्पा, आणि माझं कपाळ गार. ताप सकाळीच उतरला होता.