गळ्यावरचा हात

ती. ताईस सादर नमस्कार.

माझी तब्येत बरी आहे, जेवण वेळेवर होतं.

सोबत एक लाकडी वस्तू पाठवतोय. आमच्या कारखान्यातल्या शिल्पकारबाईंनी ती गळ्याच्या आकाराची कोरली, इंजिनिअरने आत यंत्र बसवलं, मी घासून गुळगुळीत केली. खालचं बटण दाबलं की फोनमध्ये राहिलेला हिचा आवाज त्यात थरथरतो. हिला जाऊन चार महिने झाले, पण तेवढा आवाज राहिलाय.

चिमणीला जन्मापासून ऐकू येत नाही, तरी आई बोलताना तिच्या गळ्यावर तळवा ठेवून हसायची, आठवतं ना?

इंजिनिअर म्हणाला, “आवाज म्हणजे शेवटी थरथरच.” बाई म्हणाल्या, “मग तुझ्या सासूची घाल, बघू पोरगी हसते का.”

मी हात ठेवून पाहिला. दोन शब्दांपुढे ठेवता आला नाही.

चिमणी अजून तुझ्या गळ्याला हात लावून लगेच मागे घेते का? जेवते का? खरं ते लिही.

एवढं कर. लाकूड गार असतं. तिच्या हातात देण्याआधी थोडा वेळ पोटाशी धर, नाहीतर तिला लगेच कळेल.

तुझाच,
धाकटा