दाराला टेकलेला समुद्रसिंह

गोरेगाव, ता. सेनगाव
मंगळवार, सकाळ

तीर्थरूप रूपाअक्कास,
धाकट्या सोनाजीचा सप्रेम जय भीम.

तुझे गुडघे कसे आहेत? वारंगा फाट्याच्या त्या डॉक्टरच्या गोळ्या सोडू नकोस, आणि दाजींना सांग की मी दिलेलं मलम बैलाच्या खांद्यासाठी होतं, माणसाच्या गुडघ्यासाठी नव्हे. आम्ही दोघं परवा सुखरूप घरी पोचलो. फोन न करता पत्र लिहून राहिलो, कारण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि ही हकीकत मधेच तुटली तर नेमकी माझी अब्रू जाते तिथंच तुटेल. तेव्हा चष्मा लाव आणि सावकाश वाच.

आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून आकांक्षानं पुण्याहून न्यूझीलंडची तिकिटं काढली, हे तुला ठाऊक आहे. मला वाटलं, यात्रा कंपनी असेल, सोबत वरणभात असेल. पण लेकीनं आमच्या हातात पाठीवरच्या दोन बॅगा दिल्या आणि म्हणाली, पप्पा, याला बॅकपॅकिंग म्हणतात. म्हणजे सगळा संसार पाठीवर घ्यायचा, आणि ज्या खोलीत सहा गोरी पोरं दुमजली खाटांवर निजली आहेत तिथंच आपणही निजायचं. (वरच्या खाटेवर पद्मा निजायची, कारण मला चढता येईना. चार दिवसांत ती पोरं तिला ममा म्हणू लागली आणि तिच्या हातचं पिठलं मागून खाऊ लागली. मला कोणी काही म्हटलं नाही.)

नऊ दिवस बसनं हिंडलो. दहाव्या दिवशी पद्माला पेंग्विन बघायचे म्हणून भाड्यानं गाडी घेतली. त्या देशाच्या पार दक्षिणेला पिवळ्या डोळ्यांचे पेंग्विन असतात. दिवसभर समुद्रात मासे धरतात आणि सांज व्हायला किनाऱ्यावर घरट्याकडे येतात. तिथंही गाड्या डावीकडूनच चालतात, म्हणून मी निर्धास्त होतो. रस्त्यावर माणूस नाही, नुसती मेंढरं. मी दोनदा गाडी थांबवली (एक मेंढी लंगडत होती, खुरात नक्की सड असणार), तेव्हा पद्मा म्हणाली, "रिटायर झालात तुमी. चला."

दुपारी तीनच्या सुमाराला एका वाळूच्या किनाऱ्यापाशी मला घाई झाली. झुडपांच्या कडेला एक संडास होता. एकच खोली, भक्कम लाकडाची, दार बाहेर उघडणारं. शेजारी पाटी होती, तिच्यावर समुद्रसिंहाचं चित्र आणि त्याच्यापासून वीस मीटर लांब राहा अशी सूचना. ती मी वाचली. समुद्रसिंहानं वाचली नसावी. पाचेक मिनिटांनी मी कडी काढून दार ढकललं, तर दार हलेना. आणखी जोर लावला तशी बाहेरून एक घुरघुर आली आणि फटीतून शिळ्या मासळीचा वास आत घुसला.

"अवो," लांबून पद्माचा आवाज आला, अगदी शांत, "बाहेर येऊ नका."

"काहून?"

"दाराला टेकून रेडा निजलाय. पाय न्हाईत त्याला. मानेवर आयाळ हाय."

माझी सगळी नोकरी जनावरांच्या दवाखान्यात गेली, म्हणून सवयीनं विचारलं, "श्वास बराबर हाय का त्याचा?"

"तुमच्यापरीस बरा हाय."

अक्का, आता माझी स्थिती बघ. मोबाइल गाडीत, आणि तसाही तिथं रेंज नाही. गाडीची किल्ली माझ्या खिशात, पण पद्माला गाडी येत नाही. वर हवेसाठी वहीएवढी एक खिडकी, तिच्यातून फक्त ढग दिसायचे. गारठा असा की दात वाजत होते. माझ्या मनात आलं, आपण इथंच गेलो तर गोरेगावात लोक काय सांगतील, आणि कुठं गेला म्हणून सांगतील.

थोड्या वेळानं पद्माचा आवाज जवळ आला. म्हणाली, "तुमी आतच आहात तर एक सांगते. सहा महिने झाले, सांगाया बसले की तुमाला कुणाची तरी गाय आठवती."

आणि तिनं सांगितलं. आकांक्षानं मुलगा पसंत केला आहे. मुलगा हिंगोलीला बँकेत आहे, नाव धम्मानंद. आपल्या गोरेगावच्याच अमृतरावांचा मुलगा.

ते नाव ऐकून मी दाराला खांदा लावला. दार तसूभर हललं नाही (जनावराला गाढ झोप लागली होती, या खेपेला घुरघुरलंही नाही). तीस वर्षं नुसत्या हातानं जनावरांची वजनं सांगितली, त्या अनुभवावरून सांगतो, बाहेर साडेतीन क्विंटलच्या खाली काही नव्हतं. मग जमिनीवरच बसलो.

अमृतरावांशी माझी बोलचाल नऊ वर्षांपासून बंद आहे, हे तुला माहीत आहे. बाजाराच्या दिवशी चारचौघांत ते म्हणाले होते, सोनाजीच्या इंजेक्शननं माझी म्हैस मेली. तेव्हापासून मी त्यांच्या गल्लीनं जात नाही, घराला वळसा घालतो. पण म्हैस मेली त्या दिवशी खरं काय झालं ते तुला माहीत नाही. म्हैस व्यायली होती आणि उठत नव्हती. कॅल्शियमची बाटली शिरेतून हळूहळू सोडायची असते, घड्याळ लावून, नाहीतर जनावराचं काळीज बंद पडतं. मला कामासाठी सेनगावला जाणारी शेवटची जीप धरायची होती. मी बाटली उंच धरली आणि भरभर सोडली. म्हैस माझ्यासमोर मान टाकून गेली. मी म्हणालो, लई उशिरा बोलावलं तुमी.

हे मी त्या लाकडी दाराला सांगितलं. माणसाला कधी सांगितलं नव्हतं. सांगताना रडू आलं, तेही लिहून टाकतो.

 पद्मा म्हणाली, "मला माहीत व्हतं."

"कसं?"

"झोपंत बोलता की तुमी. हळू सोडा, हळू सोडा म्हणून. नऊ वर्सं ऐकून राहिले."

आम्ही पुष्कळ बोललो, अक्का. लेकीबद्दल, त्या मुलाबद्दल (तो दोनदा घरी येऊन गेला होता, मी त्याला विमेवाला समजून चहा पाजला होता), नोकरी संपल्यावर मी उगीच चिडचिड करतो त्याबद्दलही. शेवटी मी म्हणालो, "जातो मी अमृतरावांकडं. सांगतो त्यांना." आणि काय योगायोग बघ, लगेच पद्मा म्हणाली, "उठलं बाई. चाललं समुद्राकडं. या आता बाहेर."

दार अलगद उघडलं. मी आत दोन तास दहा मिनिटं होतो. समुद्रसिंह दिसला नाही, त्याच्या घसटीचा माग तेवढा पाण्यापर्यंत गेलेला, आणि वाऱ्यानं तोही अर्धा बुजवला होता. पद्मानं माझ्या अंगावर शाल टाकली. पेंग्विनच्या जागी आम्ही अंधार पडता पडता पोचलो. एकच आला. दगडावर उभा राहून त्यानं पंख झटकले आणि झुडपात गेला. तेवढ्यानंही मला भरून आलं. त्या रात्री दुमजली खाटेवर, सहा पोरांच्या घोरण्यात, मी नऊ वर्षांत निजलो नव्हतो तसा निजलो.

दाजींना जय भीम. तब्येतीला जप.

तुझा,
सोनाजी

ता. क. – हे पत्र खरं तर यासाठी. रविवारी सकाळी अमृतरावांकडं जायचं ठरवलं आहे. तू शनिवारीच ये. त्यांच्या ओसरीवर तू पुढं बस, मी तुझ्या मागं बसेन. म्हशीचं सगळं मीच सांगतो, फक्त मी उठून जायला लागलो तर हात धर. मुलीचा विषय नंतर तू काढ.

ता. क. दुसरा – अक्का, मी पद्मा. पाकीट चिकटवायला माझ्याकडं दिलंय म्हणून दोन ओळी लिहिते. तो समुद्रसिंह अर्ध्या तासातच उठून गेला होता. पुढं दाराला टेकून मी बसले होते. ह्यांना अजून सांगितलं नाही, तुम्हीही सांगू नका. साडेतीन क्विंटल लिहिलंय, ते तसंच राहू द्या.