गाळ आणि गाळलेलं वाक्य

३ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघा बरा आहे हे वाचून हायसं वाटलं. जिना उतरताना मोबाइल बघणं सोडलंस तर दुसराही शाबूत राहील.

आता बाबांचं. गेल्या सोमवारी ते आमच्या लॅबमध्ये आले आणि जॅमची बाटली माझ्या टेबलावर ठेवली. आत पाणी, पाण्यात वीतभर लांब, तपकिरी, दोरीसारखं काहीतरी. झाकणावर चिठ्ठी, तारीख घालून. आतडी धुण्याची पावडर ते तीन महिने घेतायत, तुला ठाऊक आहेच. ही त्यातून निघालेली वर्षानुवर्षांची घाण, असं त्यांचं म्हणणं. चाळीस वर्षं नळ-पाइपांची कामं केलेला माणूस; पाइप म्हटला की गाळ साचायचाच, हे त्यांच्या अंगात मुरलंय.

मी दोरी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. ती पावडरच होती. तिच्यातले तंतू पाणी पिऊन फुगतात आणि तसेच बाहेर पडतात. त्यांच्यासमोर ग्लासात दोन चमचे कालवले, थोड्या वेळात तसाच चिकट गोळा तयार. बाबांनी विचारलं, ग्लास आधी धुतला होतास का.

इथवर गंमत होती. पण वर येताना ते जिन्यात दोनदा थांबले होते, नखं पांढरी पडलेली. मी रक्त काढून घेतलं. हिमोग्लोबिन साडेआठ निघालं. तेराच्या वर हवं. शौचाच्या नमुन्यातही डोळ्यांना न दिसणारं रक्त सापडलं. पावडरीवर माझा राग नाही, तंतू पोटाला चांगलेच. पण या वयात रक्त कुठून जातंय ते आत दुर्बीण घालून बघावंच लागतं. आमच्या डॉक्टरीणबाईंनी त्याची तारीख दिली. बाबा नाही म्हणतात. थकवा म्हणजे घाण निघत असल्याची खूण, असं पावडरीच्या त्या व्हिडिओत आहे, आणि व्हिडिओ 'माझ्या लेकीने लिहिलेला' आहे. बागेतल्या बाकावरच्या तिघा मित्रांनाही त्यांनी तो पाठ करायला लावलाय.

ते वाक्य खरंच तुझं आहे का?

तुझा,
धाकटा

७ जुलै

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

वाक्य माझंच.

परक्या भाषेतले व्हिडिओ आपल्या भाषेत आणताना शब्द ओठांच्या हालचालीत बसवावे लागतात, हे तुला माहीत आहे. पावडरीच्या व्हिडिओतला गृहस्थ म्हणाला होता की थकवा ही घाण निघत असल्याची खूण असते, पण दोन आठवड्यांवर राहिला तर डॉक्टरांना दाखवा. पहिला भाग खोटा आहे हे मला तेव्हा कळलं नाही. मी तो छान सजवला: 'मरगळ आली की समजा, मळ निघाला.' तेवढ्यात पडद्यावर त्याचं तोंड मिटलं. डॉक्टर आत मावेनात. मी ते गाळले. कामाच्या घाईत बारा वाक्यं अशी छाटते, त्यातलं हे एक.

तू बाबांना डॉक्टरीणबाईंकडूनच सांगव ना. माझ्या कामाचं त्यांना केवढं कौतुक आहे, बघतोस ना तू. लहानांना गोड पापा.

तुझी,
ताई

१० जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाईंनी दोनदा सांगून पाहिलं. बाबा म्हणाले, बाई शिकलेल्या आहेत पण माझी मुलगी तपासल्याशिवाय लिहीत नाही. तारीख सतराची आहे. आता तूच लिही.

धाकटा

१२ जुलै

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मी न तपासता लिहिलं. मरगळीचं ते वाक्य खोटं आहे, आणि त्याच्या पुढचं 'दोन आठवड्यांवर थकवा राहिला तर डॉक्टरांना दाखवा' हे खरं होतं, ते मी जागा नव्हती म्हणून काढून टाकलं. यमक जुळलं म्हणून खूशही झाले होते. तुम्हाला थकवा येऊन अडीच महिने झाले. माझ्यावर रागवा, पण सतराला जा.

आपली,
ताई

२६ जुलै

चि. ताईस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. दोन दिवस तुझ्याशी मनातल्या मनात अबोला धरला, ते आधी सांगून टाकतो. सतराला मात्र गेलो.

आदल्या दिवशी पोट रिकामं व्हायला औषध देतात. तीन महिन्यांच्या पावडरीला जमलं नाही ते त्याने एका दुपारी केलं. तपशील विचारू नकोस. डॉक्टरीणबाईंनी नंतर फोटो दाखवले. गुलाबी, ओली, लखलखीत भिंत. इतका साफ पाइप मी जन्मात पाहिला नाही. गाळ औषधालाही नव्हता. एका वळणावर द्राक्षाएवढी गाठ होती, रक्त तिच्यातून झिरपत होतं. तिथल्या तिथे काढली. काल निकाल आला, कर्करोग नाही. तशीच राहिली असती तर पुढे होऊ शकला असता, असं बाई म्हणाल्या. लोहाच्या गोळ्या चालू आहेत. धाकटा रोज फोन करून गोळी घेतली का विचारतो आणि मी रोज त्याच्यावर खेकसतो.

बाकावर तुझं पत्र वाचून दाखवलं, सगळं, यमकासकट. आमचा शिंपी चार महिने दमतोय. मळ निघतोय म्हणून मीच त्याला धीर देत होतो. उद्या तो रक्त तपासून घ्यायला जाणार आहे, मी बरोबर जातोय.

एक गोष्ट तुझ्या पत्रात शोधून सापडली नाही. मला कळवलंस, ठीक केलंस. पण व्हिडिओ आज सकाळी पुन्हा लावला, तर वाक्य आहे तिथेच आहे. खाली बघणाऱ्यांचा आकडा असतो, चष्मा लावून वाचला. चार लाख. तुझ्या कंपनीला काय लिहिलंस ते उलट टपाली कळव.

माया कमी व्हायची नाही, पण उत्तर लवकर यावं.

बाबा