वाळूवरचा वाटा

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

केवडेवाडी, ता. मालवण
२७ ऑक्टोबर १९९६

ती. अक्कास, धाकटा भाऊ बाळाप्पा याचा शि. सा. नमस्कार.

वि. वि. मी इथं सुखरूप पोचलो. घाटात पोट ढवळलं, पण तू दिलेली आवळासुपारी कामी आली. गणपतराव तांडेल स्टँडवर न्यायला आले होते. शिरोलीच्या फाउंड्रीत माझ्याबरोबर मोल्डिंगला होते तेच. आपल्या घरी गव्हाची गोड हुग्गी खाऊन दुसऱ्यांदा वाटी पुढं करणारे. रिटायर होऊन गावी आले आणि आता इथल्या रापणीचे प्रमुख झालेत.

रापण म्हणजे काय ते सांगतो. होडीतून एक लांबलचक जाळं समुद्रात अर्धगोल सोडून येतात. त्याच्या दोन टोकांचे दोर किनाऱ्यावरच असतात. मग दोन्हीकडं माणसं लागतात आणि ओढत ओढत अख्खं जाळं वाळूवर आणतात. बायका, म्हातारे, ज्याला जमेल तो ओढतो.

मी आपला कडेला उभा राहून बघत होतो. तेवढ्यात पुढच्या म्हाताऱ्याच्या हातून दोर सुटायला लागला आणि मी धरला. सारा जन्म भट्टीपुढं गेल्यावर हात गप्प राहतात होय? जाळं आलं. मासळीचे वाळूवर ढीग घातले, दोर ओढणाऱ्या प्रत्येकाचा एक. माझ्याही पुढं एक वाटा आला. मी हात जोडले, आम्हाला चालत नाही म्हणालो आणि मागं सरलो. तशी सगळी माणसं गप्प झाली. एकानं तर मान फिरवली.

घरी आल्यावर गणपतरावांनी समजावलं. इथं वाटा कुणी नाकारत नाही. वाटा वाळूवर ठेवून जाणं म्हणजे तुमच्या दोराशी माझा संबंध संपला, असं चारचौघांत सांगणं. मोठं भांडण झालं किंवा कुणी गाव कायमचं सोडून चालला, तरच तसं करतात. आणि मी पहिल्याच दिवशी संबंध तोडून मोकळा! म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा दोर ओढला आणि वाटा टोपलीत घेतला. गळ्यात लिंग आणि हातात बांगडे. तू बघायला हवं होतंस.

टोपली मागच्या घरातल्या चिमणाबाईंना नेऊन दिली. एकट्याच असतात. त्या बदली मला भाकरी आणि कुळथाची पिठी करून घालतात. माझ्यासाठी त्यांनी वेगळा तवा काढलाय, त्याला मासळीचा हात लावत नाहीत. तेव्हा जेवणाची काळजी करू नकोस.

आठ दिवसांत परत येतो. तोवर तुझ्या रागातून मला सूट असावी.

तुझा
बाळाप्पा

——

मंगळवार पेठ, कोल्हापूर
१८ नोव्हेंबर १९९६

चि. बाळाप्पास, अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझे आठ दिवस कोणत्या पंचांगातले ते एकदा कळव. दिवाळीसुद्धा त्यात बसली आणि होऊन गेली. मी अंगणात पणत्या लावल्या, लक्ष्मीपूजन केलं. तुझ्या संगमेशचा बंगळूरहून निरोप आला की रजा नाही. पोराला बापाचं वळण लागलंय.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि देव्हाऱ्यामागं लपवलं. मठातल्या बायकांच्या हाती पडलं तर माझं जाणं-येणं बंद व्हायचं. शेजारची सौंदर्या विचारत होती, मामा कुठं गेले म्हणून. डॉक्टरांनी खाऱ्या पाण्यात पाय बुडवायला सांगितलेत, असं ठोकून दिलं. आल्यावर थोडं लंगडून दाखव.

त्या चिमणाबाईंना माझा नमस्कार सांग. वेगळा तवा ठेवणारं माणूस सहज मिळत नाही. मालवण गाडीच्या ड्रायव्हरकडं डबा दिलाय. वर शेंगापोळ्या आणि खाली चटणी आहे. पोळ्या त्यांनाही दे. सगळ्या एकट्यानं संपवशील, मला ठाऊक आहे.

इकडं सगळं ठीक. हंबीरराव सकाळी दारात म्हैस उभी करतो, धार काढतो आणि मापात दूध कमी, फेस जास्त घालतो. मग माझं त्याचं वाजतं. तेवढाच काय तो दिवसातला करमणुकीचा भाग. बाकी मला काय, रेडिओ आहे.

कधी येतोस? आशीर्वाद आहेतच, येशील तेव्हा आणखी देईन.

निर्मला

——

केवडेवाडी
१२ जानेवारी १९९७

ती. अक्कास शि. सा. नमस्कार.

डबा पोचला. चिमणाबाईंना शेंगापोळी इतकी आवडली, की आता त्या तुला अक्काच म्हणतात. संक्रांत जवळ आली, येणं जमत नाही. सध्या तारली मासळी भरपूर लागते आहे आणि ओढायला माणसं कमी पडतात. तरणी पोरं यांत्रिक होड्यांवर गेली.

तू विचारशील की तुझं तिथं काय अडलंय. खरं सांगतो, रागावू नकोस. फाउंड्री सुटली आणि संसार अर्ध्यावर टाकून पार्वती गेली, त्यानंतर मला कुणी हाकच मारली नाही. उठलो काय, न उठलो काय, कुणाचं काही अडत नव्हतं. गॅलरीतल्या खुर्चीत बसून मी समोरच्या भिंतीचे पोपडे बघायचो. इथं उजाडताना गणपतराव किनाऱ्यावर उभे राहून एकेकाच्या नावानं हाक मारतात. त्यात माझंही नाव असतं. बाळाप्पा इलो काय, असं विचारतात. मी व्हय, आलो की, म्हणतो आणि माझ्या बोलीला सगळे रोज नव्यानं हसतात. मग माझी दोरावरची जागा ठरलेली, गणपतरावांच्या मागं. मी नसलो तर ती रिकामी दिसते, अक्का. एवढ्यासाठी मी राहिलोय.

संध्याकाळी मात्र जड जातं. समोर एवढं पाणी आणि बोलायला कुणी नाही. तेव्हा तुझी आठवण येते.

पत्र लवकर टाक. शिव्या असल्या तरी चालतील.

बाळाप्पा

——

मंगळवार पेठ
३ फेब्रुवारी १९९७

चि. बाळाप्पास आशीर्वाद.

तुला कुणी हाक मारली नाही म्हणे! मग मी घरात कोण होते? उंबरा होते का पायपुसणं होते?

पार्वती गेली त्यानंतर मी तुला दोन वेळा चहाला हाक मारायची, जेवायला मारायची. तू गॅलरीतून ओ द्यायचा नाहीस. आधी वाटलं ऐकू गेलं नसेल, म्हणून मोठ्यानं मारायची. मग गल्ली ऐकायची आणि तू नाही. शेवटी मी हाक मारणं सोडून दिलं. कप खुर्चीशेजारी ठेवायची आणि निघून जायची. तू चहा प्यायचास. कुणी ठेवला ते तुला कधी दिसलं नाही.

माझा नवरा गेला तेव्हा आण्णांनी, आपल्या वडिलांनी, मला या घरात परत आणलं. तेव्हा तू शाळकरी होतास. तुझं लग्न मी बघितलं, संगमेशला मी न्हाऊ घातलं. आता या घरात फक्त भांड्यांचा आवाज होतो, तोही मी केला तर.

राहा तिकडंच. गणपतरावांना म्हणावं, जोरात हाक मारा, आमच्या बाळाप्पाला कमी ऐकू येतं.

निर्मला

——

केवडेवाडी
२ एप्रिल १९९७

ती. अक्कास शि. सा. नमस्कार.

तुझं मागचं पत्र मला फार लागलं, कारण ते खरं होतं. लगेच तुला दोन पत्रं टाकली, एकाचंही उत्तर नाही. इथला फोन बहुतेक बंदच असतो. परवा सुरू झाला तेव्हा आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात लावला. दुकानदार म्हणाला, ठीक आहेत, बऱ्याच दिवसांत दिसल्या नाहीत. या दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगितल्यानं जीव थाऱ्यावर नाही. ड्रायव्हरकडं कोकमं पाठवली आहेत. ती तरी मिळाली का?

एक विचारायचं आहे. किनाऱ्यावर जाळी ठेवायचा मांगर आहे, त्याला लागून एक कौलारू खोली आहे. गणपतराव म्हणतात, ती तुम्ही घ्या आणि कायमचे राहा, रापणीचे सभासद करून घेऊ. पाऊस लागला की जाळी वर चढतात आणि काम थांबतं, तेव्हा त्याआधी त्यांना सांगायला हवं. मला खोली आवडली आहे. दारात उभं राहिलं की दोर दिसतो. तुझी हरकत नसेल तर मी हो म्हणतो. हरकत असेल तर तसं लिही. या वेळी मी नीट ऐकेन.

तुझ्या दोन ओळींची वाट बघतो.

बाळाप्पा

——

मंगळवार पेठ
२८ एप्रिल १९९७

चि. बाळूस अनेक आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला. आधी राग होता, पुढचं कारण सांगते. हसलास तरी चालेल.

दीड महिन्यापूर्वी सकाळी न्हाणीत पाय घसरला. अशी पडले की डावा पाय अंगाखाली आला आणि उठता येईना. नेमका त्याच वेळी हंबीररावानं दारात म्हैस बांधलेली. म्हटलं, देव पावला. सगळा जीव एकवटून त्याला हाका मारल्या. त्याला ऐकू गेल्या की! पण इतकी वर्षं मी रोज सकाळी फेसावरून त्याच्यावर ओरडते आहे. त्याला वाटलं, आज फेस जास्तच झाला. त्यानं उंबऱ्यावरच्या पातेल्यात आणखी दूध ओतलं आणि म्हैस सोडून चालू लागला. मी आणखी मोठ्यानं ओरडले, तसा तो आणखी जोरात चालला.

दुपारी सौंदर्या शेवेचा सोऱ्या परत द्यायला आली, तेव्हा मी सापडले. हाड मोडलंय, प्लास्टर आहे. सौंदर्या दोन्ही वेळचं जेवण आणून देते. तुला कळवायचं नाही, अशी मी तिला शपथ घातली होती. तू रापण सोडून धावत यावंस आणि जन्मभर मला बोल लावावास, हे मला नको होतं.

हंबीरराव भेटायला आला. रडला बिचारा. म्हणाला की, अक्का, मला वाटलं तुमी रोजच्यागत वरडायलाय, मला काय ठावं तुमी बोलवायलाय. मी त्याच्यासमोर हसले. तो गेल्यावर मात्र हसू आलं नाही. माझा आवाज साऱ्या गल्लीला ओळखू येतो, बाळू, पण मी बोलावते आहे हे कुणाला कळत नाही.

तू विचारलंस म्हणून सांगते. मला एकटीला भीती वाटते. रात्री प्लास्टरच्या आत खाजलं तरी रडायला येतं. हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. खोली चांगली असेल, माणसंही चांगली आहेत. तू हो म्हणालास तर मी तोंडातून शब्द काढणार नाही, चटणीचा डबाही पाठवत जाईन.

पण माझी हरकत आहे.

निर्मला

——

केवडेवाडी
८ मे १९९७

ती. अक्कास, बाळूचा शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र काल मिळालं. गणपतरावांना मोठ्यानं वाचून दाखवायला घेतलं. हंबीरराव म्हैस सोडून चालू लागला तिथवर हसत हसत वाचलं. पुढचं वाचता येईना. मग त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं आणि मनात वाचलं. घडी घालून परत दिलं.

आज सकाळी त्यांनी नेहमीसारखी हाक मारली आणि मी गेलो. जाळं जड आलं. भरतीचं पाणी गुडघ्यापर्यंत होतं आणि दोर हाताला चांगलाच कापत होता. ओढताना वाटत होतं, आणखी थोडा वेळ लागू दे. पण जाळं वर आलंच. वाळूवर ढीग पडले. माझा गणपतरावांच्या शेजारी, नेहमीच्या जागी.

मी हात जोडले आणि मागं सरलो. पहिल्या दिवशी त्याचा अर्थ मला ठाऊक नव्हता, आज होता. या वेळी मान कुणी फिरवली नाही. गणपतरावांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मग खाली बसले आणि माझा ढीग दोन्ही हातांनी इतरांच्या ढिगांत सारला. चिमणाबाई टोपली घेऊन उभ्या होत्या. त्या रिकामी टोपली घेऊन घरी गेल्या.

दुपारी जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या पिशवीत ठेवून गेल्या. बघतो तर तो वेगळा तवा. आता त्यावर कुणाची भाकरी भाजायची, एवढंच म्हणाल्या. तो घेऊन येतो आहे. सौंदर्याला सांग, शनिवारपासून जेवण आणू नकोस. भाकऱ्या मी करीन, तू खाटेवरून नावं ठेव.

इथलं सोडताना मला फार वाईट वाटतं आहे, ते तुझ्यापासून लपवत नाही. उद्या उजाडताना हाका होतील, त्यात माझं नाव नसेल. तेव्हा एकच मागणं आहे. घरी आलो की सकाळी मला हाक मारत जा. काम नसलं तरी मार. मी ओ दिली नाही, तर पुन्हा मार, आणखी मोठ्यानं. हंबीरराव म्हैस घेऊन पळाला तर पळू दे, अक्का. मी उठेन.

तुझा
बाळू