फळ्यावरच्या पाचजणी

रविवार, संध्याकाळचे सात

डोकं अजून तापलेलंच आहे. महिलांच्या आशियाई फुटबॉल स्पर्धेत सर्वाधिक गोल मारणाऱ्या पाचजणींची नावं मी काल सोसायटीच्या फळ्यावर लिहिलेली. माझ्या लेकीने, मनूने, एकूण एक मॅच बघून यादी काढलेली. खाली तिचंच वाक्य: 'सगळ्यात भारी क्षण – शेवटच्या मिनिटाला डोक्याने मारलेला गोल!' आज दुपारी सेक्रेटरी जोशीकाकांनी ओल्या फडक्याने सगळं पुसून टाकलं.

पुरुषांच्या वर्ल्डकपला हाच फळा महिनाभर गोलांच्या यादीला दिलेला. पाणी येणार नाही ही सूचनासुद्धा तेव्हा लिफ्टच्या दारावर चिकटवली यांनी! तेव्हा कुणाची हिंमत होती पुसायची?

विचारलं तर म्हणतात, "अगं, चैत्राचं हळदीकुंकू आहे. हेही बायकांचंच ना?" हेही! वर खडू माझ्यापुढे धरला. "तूच लिही. तुझं अक्षर छान आहे."

आणि मी लिहिलं. खडू त्यांच्या अंगावर फेकायचा सोडून लिहिलं. 'सर्व भगिनींना आग्रहाचे निमंत्रण.' एवढ्यावर थांबले का? हिरव्या खडूने बाजूला कैरीसुद्धा काढली, पानासकट. कुणी सांगितलेलं कैरी काढायला?

मनू प्रॅक्टिसहून आली. मी खिडकीतून बघत होते. बूट हातात घेऊन बराच वेळ फळ्यासमोर उभी होती. काकांनी पुसलं, एवढंच सांगायचं असं मी आधीच ठरवून ठेवलेलं.

ती वर आली, बूट कोपऱ्यात ठेवले आणि म्हणाली, "आई, कैरी छान काढलीयस."